घर पेलेल असा ट्रक

माणूस येताना सोबत काही आणत नाही आणि जाताना काही नेत नाही. अडचण होते ती मधल्या काळात, कारण मधल्या काळात त्याला सहलीला जायचं असतं.

आमच्या ड्राय फोर्क गावात, म्हणजे मोंटानाच्या पूर्व टोकाला, या अडचणीवर एक उपाय सर्वमान्य आहे. पिकअप ट्रक घ्यायचा आणि त्याच्या हौद्यात एक अख्खं घर बसवायचं. घरात पलंग, शेगडी, नळ, संडास आणि (वरच्या दर्जाच्या घरात) खोटी शेकोटी. याला कॅम्पर म्हणतात. निसर्गाच्या कुशीत जाऊनही निसर्गाचा उपद्रव होऊ नये, यासाठी याहून चांगली सोय अजून कुणाला सुचलेली नाही.

आधी घर तोलावं आणि मग ते पेलेल असा ट्रक निवडावा, यावर जाणकारांचं एकमत आहे. लोकांचंही एकमत आहे. ते आधी घर घेतात, तोलायचं विसरतात आणि शेजाऱ्याच्या ट्रकपेक्षा बोटभर उंच ट्रक निवडतात.

मी गावच्या धान्यकोठारावर भुईकाटा, म्हणजे अख्खी गाडी तोलणारा काटा, सांभाळतो. सव्वीस वर्षं गहू, जव आणि मसूर तोलतो आहे. ही हकीकत सांगायला एवढी पात्रता पुरे.

ऑर्व्हिल स्टेन्सरूड हा आमच्या जिल्ह्याचा पूल-तपासनीस. 'इतक्या वजनापुढे बंदी' अशा पाट्या पुलापुलावर ठोकत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला. त्याच्या कारकिर्दीत एकही पूल वजनाने पडला नाही. (दोन वाहून गेले, पण ते पाण्यामुळे, आणि पाणी त्याच्या अखत्यारीत येत नव्हतं.) त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. मोजकं बोलणारी. चारशे पोरांना रोज वेळेवर जेवू घालणाऱ्या माणसाला फार बोलायची सवय राहत नाही.

आर्डिसची थोरली बहीण मर्ना अकराशे मैलांवर, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर राहते. तिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं की दृष्टीच्या मधोमध डाग पसरत जाईल. कडेकडेचं दिसत राहील, पण चेहरे आधी पुसले जातील. मर्नाने फोनवर बहिणीला एवढंच सांगितलं, "समुद्र दिसेल गं बरीच वर्षं. तुझं तोंड तेवढं लवकर दाखवून जा."

आर्डिसने फोन ठेवला आणि म्हणाली, "ऑर्व्हिल, आपण जाऊ या."

"जाऊ या की," ऑर्व्हिल म्हणाला, "पण नीट जाऊ."

'नीट' या शब्दाला तीन उन्हाळे लागले.

पहिला उन्हाळा घरात गेला. ऑर्व्हिलने जत्रेतल्या प्रदर्शनातून कॅम्पर आणला. त्याच्यावर पाटी होती : वजन दोन हजार आठशे सत्तर पौंड, कोरडं. कोरडं वजन म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी, बाहेरची कनात, भांडी आणि माणूस यांतलं काहीही नसतानाचं वजन. या पद्धतीने मोजलं तर आमच्या गावात कुणीच जाड नाही.

दुसरा उन्हाळा ट्रकच्या निवडीत गेला. ट्रकचे तीन वर्ण आहेत : अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन. अर्धा टनवाला जवळजवळ पाऊण टन उचलतो, पाऊण टनवाला एक टनाच्या वर आणि एक टनवाला दोनाच्या आसपास. नावाचा वजनाशी पूर्वी कधीतरी संबंध होता. आता तो आडनावाचा धंद्याशी उरतो तेवढा उरला आहे. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, एका पिवळ्या चिठ्ठीवर असतो. 'माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांपुढे कधीही जाऊ नये.' ही चिठ्ठी दार उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि दार उघडल्यावर माणूस स्टिअरिंगकडे बघतो.

शोरूममध्ये कोल्बी नावाचा विक्रेता होता. (भला माणूस. आता विमा विकतो.)

"साहेब, हा ट्रक घर ओढेल घर!" कोल्बी म्हणाला.

"ओढायचं नाहीये. पाठीवर घ्यायचंय," ऑर्व्हिल म्हणाला.

"घेईल की! नुसती छाती बघा ना त्याची."

ऑर्व्हिलने छाती बघितली. एकतीस वर्षं त्याने लोकांना पाट्या वाचायला लावल्या होत्या. स्वतः वाचायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली होती.

आर्डिस तेवढ्यात मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन आली. "तो पांढरा बघ," ती म्हणाली. "मागे दोनाऐवजी चार चाकं, पेट्रोलचा, दोनच दारं. चिठ्ठीवर पाच हजार दोनशे लिहिलंय."

यावर बाजूबाजूला उभं राहून दोघा तज्ज्ञांची, म्हणजे ऑर्व्हिल आणि कोल्बीची, चर्चा झाली. पांढरा ट्रक पुढील कारणांनी अपात्र ठरला. त्याचं ढुंगण रुंद असल्यामुळे तो गॅरेजात मावणार नव्हता. त्याच्या सीटांना कापड होतं. आणि तो घोडे वाहणाऱ्यांचा ट्रक होता, तर ऑर्व्हिलकडे घोडा नव्हता. वजन उचलण्याची त्याची क्षमता कुणीच नाकारली नाही. पण सगळ्या गोष्टी क्षमतेवर ठरवल्या तर शोरूमला काचा कशाला लागतील?

निवड झाली ती तांबूस रंगाच्या, डिझेलच्या, चार दारांच्या, कातडी सीटांच्या आणि छताला खिडकी असलेल्या ट्रकची. डिझेलचं इंजिन जड असतं. जादा दारं जड असतात. छताची काचही जड असते. ही सगळी ऐट ट्रक आधी स्वतः उचलतो आणि उरलेली ताकद गिऱ्हाइकाला देतो. उरलेली ताकद होती तीन हजार नऊशे पौंड. ट्रक, घर, माणसं धरून सगळ्याची एकूण मर्यादा बारा हजार चारशे. हव्या त्या तांबूस रंगाचा ट्रक येईपर्यंत बर्फ पडायला लागला.

तिसऱ्या उन्हाळ्यात कॅम्पर हौद्यात बसवला, तेव्हा ट्रकने मागचे पाय दुमडले आणि तोंड आभाळाकडे केलं. ऑर्व्हिलने त्याला स्प्रिंगचे जाड पाटे घातले, पाट्यांमध्ये हवेचे फुगे बसवले, भक्कम टायर चढवले. या सामानाचं वजन एकशे चाळीस पौंड. म्हणजे ताकद वाढवण्याच्या सामानाने ताकद एकशे चाळीस पौंडांनी घटली. ट्रक मात्र सरळ दिसायला लागला, आणि दिसण्याला आमच्याकडे मान आहे.

जूनमध्ये मर्नाचा फोन आला. टीव्हीवरच्या माणसांना आता तोंडं नाहीत, म्हणाली.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सकाळी दोघं माझ्या काट्यावर आले. न तोलता रस्त्यावर जायचं ऑर्व्हिलच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि तत्त्व हे त्या ट्रकवरचं एकमेव बिनवजनी सामान होतं.

मी खिडकीतून आकडा सांगितला. "तेरा हजार एकशे वीस."

"कोरडं?" ऑर्व्हिलने विचारलं.

"काटा जे आहे ते सांगतो, बाबा. सातशे वीस जास्त आहे."

ऑर्व्हिल खाली उतरला, आत चढला, आणि छाटणी सुरू झाली. पाण्याची टाकी रिकामी केली : तीनशे ऐंशी. (पाणी वाटेत मिळतं, असं आर्डिस तीन वर्षं सांगत होती.) दोन सायकली : साठ. मग आर्डिसचे बिडाचे तवे : चाळीस. मग मर्नासाठी केलेल्या रानचेरीच्या जेलीचा खोका : वीस. जेली बाहेर आली तेव्हा आर्डिसने नुसतं खोक्याचं झाकण नीट बसवलं.

दोघं परत ट्रकमध्ये बसले. मी बघितलं. "अजून दोनशे वीस."

"हत्यारांची पेटी किती आहे?" आर्डिसने विचारलं.

"एकशे ऐंशी. पण ती निघणार नाही. अत्यावश्यक आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "दुसरं काय काढता येईल ते बघ."

आर्डिसने ऑर्व्हिलच्या पलीकडे हात घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं, वाकून चौकटीतली चिठ्ठी शांतपणे वाचली, आणि विचारलं, "ऑर्व्हिल, तुझं वजन किती?"

"दोनशे चाळीस. का?"

"इथे माणसं आणि सामान मिळून, असं लिहिलंय. माणसं आधी."



"मी उतरून बघतो," ऑर्व्हिल म्हणाला. त्याच्या बाजूने सांगायचं तर नियम स्वतःला लागू झाल्यावरही तो डगमगला नाही. तो उतरला. आकडा आला बारा हजार तीनशे ऐंशी.

आर्डिस सरकून स्टिअरिंगपाशी बसली. सोळाव्या वर्षी बापाच्या गव्हाचा ट्रक तिने याच काट्यावर आणला होता, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. ऑर्व्हिलला वाटलं.

"अगं, मग पेटी काढतो ना!"

"तरी चाळीस उरतात."

"मग खुर्च्या, बॅटरी, कायतरी..."

"पेटी अत्यावश्यक आहे, असं तूच म्हणालास. चव्वेचाळीस वर्षं तुझं ऐकत आले, आज कुठे मोडू?" मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "वेन्डेल, वीस पौंड शिल्लक आहेत ना? तेवढा खोका वर दे."

मी जेलीचा खोका वर दिला. काट्याने बरोबर बारा हजार चारशे दाखवले. सव्वीस वर्षांत इतकी चोख गाडी मी तोलली नव्हती. मी पावती केली, शिक्का मारला. पावती घेताना आर्डिसचा दुसरा हात जेलीच्या खोक्यावर होता. हे मी पाहिलं, पण नोंदवलं नाही. पावतीवर तसा रकाना नाही.

"फ्रीजमध्ये सूप आहे," ती ऑर्व्हिलला म्हणाली. "गुरुवारपर्यंत पुरेल." आणि ती गेली. दोन सायकली आणि तीन तवे यांच्यामध्ये ऑर्व्हिल उभा होता. तो सरळ उभा होता.

चौथ्या दिवशी तो बातमी घेऊन आला. आर्डिस पोचली. मर्नाने तिला खिडकीपाशी नेलं, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं, मान तिरकी करकरून डोळ्याच्या कडेने खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "बया! किती म्हातारी झालीस गं!" एवढं सांगून ऑर्व्हिल बराच वेळ टोपीची किनार बघत बसला.

मग त्याने हिशोब मांडला. जेली संपली, पेटी तिथेच ठेवली, की दोनशे पौंडांची जागा होते. म्हणजे त्याने चाळीस पौंड उतरवायचे. तो दर शनिवारी भुईकाट्यावर येऊन उभा राहू लागला. आमचा काटा वीसच्या पटीत बोलतो, त्यामुळे पाच आठवडे तो दोनशे चाळीसच होता आणि सहाव्या शनिवारी एकदम दोनशे वीस झाला. आम्ही हात मिळवले.

त्याच आठवड्यात पत्र आलं. आर्डिसने पेटी मर्नाच्या शेजाऱ्याला देऊन टाकली होती आणि तिच्या जागी मर्नाला घेतलं होतं. दोघी दक्षिणेला निघाल्या होत्या, उंच झाडं बघायला. चेहरे गेले तरी तेवढ्या मोठ्या वस्तू दिसतात. 'मर्ना पेटीपेक्षा चाळीस पौंडांनी हलकी आहे,' असं लिहिलं होतं, 'आणि वाटेत अजून एकदाही अत्यावश्यक नाही असं वाटलं नाही.'

ऑर्व्हिलने ते दोनदा वाचलं. "बसतंय," तो म्हणाला. "मर्यादेत बसतंय." मग हळूच मला विचारलं, "मी आपली जुनी मोटार घेऊन गेलो तर?"

स्टेन्सरूडांच्या दारात तेरा वर्षांपासून एक मोटार आहे. तिच्यात दोन माणसं, दोन बॅगा आणि जेलीचा खोका ऐसपैस मावतो आणि ती तीन दिवसांत समुद्रावर पोचते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तीन उन्हाळे कुणी बोललं नाही, कारण प्रत्येकाला ट्रक बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारीने निघाला. तवे त्याने मागच्या सीटवर ठेवले होते. त्या दोघींनी त्याला किती सहज गाठू दिलं, हे मला माहीत नाही. तिघांचा मिळून एक फोटो आला आहे, पण त्यात झाडच जास्त आहे.

तेव्हापासून शनिवारी माझ्याकडे गर्दी असते. माणसं बायकापोरांसह गाडी काट्यावर चढवतात, आकडा विचारतात आणि लगेच मागे वळून बघतात. आजवर सतरा कर्ते पुरुष आले. सतराही जणांना जास्तीचं सामान मागच्या सीटवर सापडलं. तुम्हीही इथवर वाचताना घरातल्या कुणाला तरी मनातल्या मनात उतरवून पाहिलं असेलच. बरोबर माणूस उतरवलात का, एवढं गाडीतल्या बाकीच्यांना विचारून घ्या. त्यांची आकडेमोड केव्हाच झालेली असते.