धुराड्याची वाटणी

जेबेझ थर्लोला बापाच्या घराची वाटणी अगदी कायद्यानं, इंच न् इंच मोजून हवी होती, आणि तिथेच त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मोजायला आलेल्या तिघा पंचांना त्यानं आधी डुकराचं मटण आणि मक्याची खीर पोटभर खाऊ घातली. सफरचंदाच्या दारूचं पिंप तर त्यांच्या खुर्च्यांजवळच आणून ठेवलं. हा माणूस एरवी शेजाऱ्याला पाणी देतानाही पेला अर्धाच भरायचा. त्यामुळे आत काहीतरी वेगळं शिजतंय हे आमच्या ब्रूकहॅममध्ये सगळ्यांनी ओळखलं.

म्हातारा थर्लो मृत्युपत्र न करता गेला. मागे हा एकुलता एक मुलगा जेबेझ आणि म्हाताऱ्याची दुसरी बायको हेप्झिबा. आता मॅसॅच्युसेट्सचा कायदा सरळ आहे. बाईला हयातभर घराचा तिसरा हिस्सा, बाकीचं मुलाचं. पण जेबेझच्या डोळ्यांत तो तिसरा हिस्साही खुपत होता. हेप्झिबानं कंटाळून शेजारच्या गावी भावाकडे चालतं व्हावं, असा त्याचा बेत. भाऊही वाटच बघत होता, कारण घरात पोरांचं लेंढार आणि त्यांना सांभाळायला कुणीतरी फुकटची हवी होती. हेप्झिबाला मात्र या घरातून हलायचं नव्हतं. दक्षिणेच्या उन्हाच्या खोलीत तिचा कापड विणायचा माग होता. नवऱ्याच्या घरात, त्या मागापाशी बसून म्हातारपण काढायचं आणि कुणाच्या दारी आश्रित म्हणून जायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं.

पंचांचे म्होरके कॅप्टन वाडली. ती उन्हाची खोली हेप्झिबाला द्यावी असं त्यांच्या मनात होतं. जेबेझ आडवा आला. म्हणाला, ती फार मोठी होते, त्यांना मागची उत्तरेकडची द्या. त्या खोलीबद्दल काय सांगू, तिथे जानेवारीत दुधाचा दगड होतो. कॅप्टननी मोजून पाहिलं आणि सांगितलं की ही खोली तिसऱ्या हिश्श्याला कमी पडते, आणखी काहीतरी सोडावं लागेल. जेबेझ घरभर नजर फिरवू लागला. सोडवत तर काहीच नव्हतं. मग त्याची नजर घराच्या मधोमध उभ्या असलेल्या धुराड्यावर गेली. विटांचा भला थोरला ढीग, दोन बैल मावतील एवढी जागा खाऊन बसलेला.

"हे त्यांच्यात धरा," जेबेझ म्हणाला.

"धुराडं सामाईक असतं रे बाबा," कॅप्टन म्हणाले. "तशी रीतच आहे."

"सामाईक काही नको. सामाईक म्हणजे रोजची कटकट. विटांनी का खाल्लेली असेना, जागा ती जागा. थर्लोबाईंच्या हिश्श्यात टाका आणि तसं स्पष्ट लिहा."

सावत्र आईला तो थर्लोबाईच म्हणायचा, जणू त्या कुठल्याशा दूरच्या भाडेकरू होत्या. कॅप्टननी हेप्झिबाकडे पाहिलं. ती बिचारी खाली मान घालून बसली होती. मग त्यांनी हातातला पेला संपवला, लिहिलं, आणि जमिनीवर खडूनं रेघ मारली. रेघ उत्तरेच्या खोलीतून निघाली, स्वयंपाकघरातून एक चिंचोळा पट्टा कापत धुराड्याकडे गेली, त्याला चारी बाजूंनी वळसा घालून परत आली. त्या दिवशी जेबेझनं बायकोला सांगितलं की म्हातारीला आपण राहायला विटा दिल्या. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं हेप्झिबाला बजावलं. विहिरीकडे जायची वाट तेवढी तुमची, बाकी रेघेबाहेर पाऊल नको. आमच्यात तुम्ही नाही, तुमच्यात आम्ही नाही. हेप्झिबा बरं म्हणाली आणि आपली खुर्ची रेघेच्या आत ओढून बसली. रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सामान बांधावं की काय, असं तिच्या मनात येत होतं. तेवढ्यात सून प्रुडन्स लापशीचं भांडं घेऊन आली आणि चुलीत टांगलेल्या लोखंडी आकड्याला अडकवू लागली. हेप्झिबा आधी भांड्याकडे बघत राहिली, मग चुलीकडे, मग चुलीभोवतीच्या विटांकडे, आणि शेवटी त्या खडूच्या रेघेकडे. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला मनापासून बरं वाटलं.

"प्रुडन्स बाळ," ती म्हणाली, "तुझं भांडं माझ्या हिश्श्यात आलंय."

प्रुडन्सला काही उमजेना. जेबेझ मात्र तरातरा पुढे आला आणि म्हणाला की स्वयंपाकघर माझं, तर चूलही माझीच.

"स्वयंपाकघर तुझंच आहे रे," हेप्झिबा म्हणाली. "पण चूल धुराड्याच्या पोटात आहे, आणि धुराडं तू मला दिलंस. पुढच्या दोन्ही खोल्यांतल्या चुलीही त्याच्याच पोटात आहेत. तिथला विस्तवही काढून घे."

जेबेझ तसाच कॅप्टनकडे धावला. कॅप्टन आता शुद्धीवर होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्चीत बसून इतके हसले की त्यांच्या बायकोला वाटलं ठसका लागला. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं की लिहिलंय ते लिहिलंय, आणि तूच लिहायला लावलंयस. आता दोघांची राजीखुशी असेल तरच बदलता येईल. जेबेझ म्हणाला, मी त्या बाईपुढे नाक घासणार नाही. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, बघू किती दिवस.

पहिले काही दिवस प्रुडन्सनं अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक केला. मग बर्फ पडायला लागलं आणि लापशी शिजायच्या आधीच वरून थंड व्हायला लागली. तेव्हा जेबेझनं ठरवलं की आपण आपलं स्वतःचं धुराडं बांधू. ऐन थंडीत विटा कुठून मिळणार? म्हणून त्यानं काटक्यांना चिखल थापून एक नळकांडं केलं आणि ते पुढच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर काढलं. रविवारी प्रार्थनेला जाताना तो खाली विस्तव ठेवून गेला. परत आल्यावर उबदार खोलीत बसायचं होतं ना. धर्मोपदेशकांचं प्रवचन निम्म्यावर आलं असेल नसेल, तोच कुणीतरी ओरडलं की थर्लोंच्या घरातून धूर येतोय. अख्खी मंडळी बाहेर धावली. खरं सांगायचं तर प्रवचन लांबलं होतं आणि धावायला कुणालाच वाईट वाटत नव्हतं. बादल्यांची रांग लागली. त्या रांगेत हेप्झिबाही होती आणि तीच सगळ्यांत जोरात पाणी मारत होती. घर वाचलं, पण पुढच्या खोलीत ओतलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गोठलं. त्यानंतर जेबेझ आपल्याच बैठकीच्या खोलीत भिंत धरून चालायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हेप्झिबा काही दुष्ट बाई नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की हक्क म्हणून कुणी येऊ नये, पाहुणा म्हणून कुणीही यावं. आधी मांजर रेघ ओलांडून गेलं. मागोमाग कुत्रा. मग एके दिवशी प्रुडन्स विणकाम घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी भांडीकुंडीच घेऊन गेली. जेबेझनं रेघेच्या अलीकडून विचारलं, तू बायको कुणाची?

"रेघेच्या त्या बाजूला तुमची," प्रुडन्स म्हणाली. "इकडे मी पाहुणी आहे."

याच सुमारास हेप्झिबाचा भाऊ गाडी जोडून तिला न्यायला आला. बहीण रडतकुढत बसलेली असेल असं त्याला वाटलं होतं. पाहतो तर ती चुलीपाशी ऐसपैस बसलेली, आत भोपळ्याची पोळी भाजत असलेली, आणि सून समोर बसून लोकरीचे गुंडे करत असलेली. हेप्झिबानं त्याला खाऊ घातलं, पोरांसाठी बांधून दिलं, आणि रिकामी गाडी परत पाठवली. जेबेझ दोन कोट, टोपी आणि हातमोजे घालून पलीकडे गार घेवडा खात होता. गाडी वळताना त्यानं पाहिली आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

दोन दिवसांनी तो रेघेपाशी येऊन उभा राहिला. बुटांची टोकं रेघेला लागू नयेत याची काळजी घेऊन.

"थर्लोबाई, धुराडं परत द्या."

"देते की. बदल्यात काय देतोस?"

तो म्हणाला, भावाकडे जायचा गाडीखर्च देतो. हेप्झिबानं चुलीत एक लाकूड सारलं. मग तो म्हणाला, एक गाय देतो. तिनं आणखी एक सारलं. शेवटी त्यानंच विचारलं की तुम्हाला हवंय तरी काय.

"उन्हाची खोली. माझ्या मागासकट. मी मरेपर्यंत, आणि कुणी मला जा म्हणायचं नाही."

जेबेझनं पंचांना बोलावणं धाडलं. या खेपेला त्यानं पंचांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ही गोष्ट कॅप्टनच्या मनाला फार लागली. जुनी रेघ फडक्यानं पुसली, नवी मारली, आणि उन्हाची खोली हेप्झिबाच्या नावावर झाली. त्यानंतर जेबेझ धुराड्यापुढे हात पसरून उभा राहिला. म्हणाला, आता मी फसायचा नाही. वरपासून खालपर्यंत प्रत्येक वीट माझी. सामाईक एकही नको, असं ठळक लिहा.

"घेऊ दे त्याला," हेप्झिबा म्हणाली. "फक्त एक विचारायचं होतं, कॅप्टन. धुराडं त्याचं, म्हणजे माझ्या खोलीतली चूलही त्याचीच झाली. मग ती पेटती ठेवायची कुणी?"

"ज्याची चूल त्यानं," कॅप्टन म्हणाले. ते अजून घुश्शातच होते.

"लाकडं फोडून, आणून, रचून?"

"ते ओघानंच आलं. लिहू का रे जेबेझ?"

"काय लिहायचं ते लिहा," जेबेझ म्हणाला. "धुराडं माझ्या नावावर झालं की नाही तेवढं सांगा." आणि त्यानं इतक्या घाईनं सही केली की शाईचा डाग कॅप्टनच्या बाहीवर उडाला.

तेव्हापासून जेबेझ खानावळीत भेटेल त्याला सांगतो की बाई भारी चलाख, पण शेवटी तिच्या हातून धुराडं काढून घेतलंच. पडलो तरी नाक वर. आम्हीही हो हो म्हणतो. रोज सकाळी उजाडलं की तो लाकडांचा भारा घेऊन उन्हाच्या खोलीत जातो, राख काढतो, चूल पेटवतो, आणि विटा थोपटून विचारतो, माझं धुराडं धूर कसं छान ओढतंय, बघितलंत? हेप्झिबा मागावरून मान न उचलता म्हणते, छानच ओढतंय.

एकदा प्रुडन्सला राहवेना. तिनं सासूला विचारलं की सगळं गाव हसतंय, यांना कुणीतरी सांगायला नको का, कोण हरलं ते?

"मुळीच सांगू नकोस," हेप्झिबा म्हणाली. "जिंकलोय असं वाटतं ना, म्हणून लाकडं बारीक फोडतो."