परत फेकायचा चेंडू

मुलीला वळणावर आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी त्या रविवारी सकाळी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. डग अंडी परतत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही," तो म्हणाला.

आमची विनी, वय वर्षं अकरा, न्याहारीला रीजंट्सची निळी टोपी घालून बसली होती. रीजंट्स! आणि तेही पोर्ट लायलमध्ये, आमच्या फेरीमेन संघाच्या गावात, माझ्या स्वयंपाकघरात! माझे वडील असते तर त्यांनी त्या टोपीत कॉफी ओतली असती.

रीजंट्स म्हणजे किनाऱ्यावरच्या बड्या शहराचा संघ. पैसा इतका की कुठे ठेवावा हा त्यांना प्रश्न. आम्ही खेळाडू वाढवायचा आणि तो पिकला की त्यांनी उचलायचा, ही बेसबॉलमधली जुनी वाटणी. नेस्टर ओबांडो आमच्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तीन वर्षं त्याला चेंडू दिसतच नव्हता, तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. चौथ्या वर्षी दिसायला लागला, आणि जुलैमध्ये तो रीजंट्सकडे गेला. विनी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती ही टोपी घालून.

"आई, तुझे फेरीमेन गेल्या वर्षी किती सामने जिंकले?"

"एकसष्ट."

"आणि हरले?"

"तो प्रश्न नाहीये."

"एकशे एक. म्हणजे तू एकशे एक दिवस घरात तोंड पाडून बसतेस. रीजंट्सचं बरोबर उलट आहे. म्हणून मी उलट्या बाजूला गेले."

असलं गणित शाळेत शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तिचं खरंच होतं. कोण जिंकणार हे एप्रिलमध्येच ठाऊक असेल तर सप्टेंबरमध्ये तिकीट काढून बसणाऱ्या बाईला काय म्हणावं? आमचे मालक जिंकण्याचं सोडून बाकी सगळं देतात. सॉसेजच्या वेशातल्या माणसांची शर्यत असते, शुक्रवारी आतषबाजी असते. त्या रविवारी तर दारात प्रत्येकाला मान डोलावणारी बाहुली फुकट होती. बाहुली ओबांडोची होती! मागणी हिवाळ्यात नोंदवलेली, आणि माल येईपर्यंत माणूसच गेलेला. तरीही रांग लागली होती. मीही दोन घेतल्या.

माझी योजना साधी होती. विनीला डाव्या कुंपणामागच्या आमच्या स्वस्तातल्या बाकांवर बसवायचं. निष्ठा म्हणजे काय ते तिथे आपोआप कळतं. तिथला एकच कायदा आहे: समोरच्या संघाने होम रन मारून चेंडू कुंपणापलीकडे टोलवला आणि तो आपल्या हाती आला, तर मैदानात परत फेकायचा. शत्रूची भेट घरात ठेवायची नाही. आमच्याकडे जिंकायला फारसं काही नसतं, तेव्हा निदान नाकारायला तरी काहीतरी हवं.

त्या कायद्याला एक पळवाट आहे. ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच बोलत नाही. पर्समध्ये एक जुना चेंडू ठेवायचा. वेळ आली की तो फेकायचा आणि खरा गुपचूप घरी न्यायचा. माझ्या पर्समध्ये सत्तावीस वर्षं असा चेंडू आहे, कारण सत्तावीस वर्षांत माझ्याकडे एकही खरा चेंडू आला नाही. त्या दिवशी नेमका तो सापडेना. निघायची घाई होती. सोफ्याखाली हात घातला, जो चेंडू हाती लागला तो पर्समध्ये टाकला.

माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे अर्नी पोलासेक होते. वय एक्क्याऐंशी, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद करतात. त्यांनी विनीची टोपी पाहिली.

"रोझ, पोरीला ताप वगैरे आहे का?"

"आज उतरवायचाय, अर्नी."

"मिस्टर पोलासेक, तुम्ही हरलेले सामने पण लिहून ठेवता?" विनीने विचारलं.

"ते नाही लिहिले तर वही कोरी राहील, बाळ."

पाच डाव मी निष्ठेवर बोलत होते. विनी बाहुलीची मान डोलवत होती. सहाव्या डावात ओबांडो आला, आणि त्याने तो चेंडू असा मारला की आवाजावरूनच कळलं, हा कुंपणाअलीकडे पडणार नाही. चेंडू वर गेला, मोठा होत होत थेट आमच्याकडे आला आणि माझ्या मांडीवरच्या नाचोजच्या ताटलीत पिवळ्याजर्द चीजमध्ये थपकन रुतला.

"आई," विनी कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "मला दे ना. त्याचा आहे तो."

चहूबाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. "फेक परत! फेक परत!"

एकीकडे सत्तावीस वर्षं, दुसरीकडे पोटची पोर. मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. खाली वाकले, चीजमधला चेंडू पर्समध्ये सारला, दुसरा काढला, उभी राहिले आणि एखाद्या हुतात्म्याच्या थाटात तो मैदानात भिरकावला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. अर्नींनी तर वहीत माझं नाव लिहिलं.

आणि मोठ्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा दाखवायला लागले. तीस हजार लोकांनी पाहिलं, चेंडू चीजमध्ये पडतोय. मग पाहिलं, माझ्या हातून सुटणारा चेंडू कोरडा ठणठणीत आहे. आमच्याच एका खेळाडूने तो गवतातून उचलला, निरखून पाहिला आणि हसत कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर दातांच्या खुणा होत्या, आणि डगच्या अक्षरात लिहिलं होतं: 'गसचा चेंडू. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊ नये.'

गस हा आमचा कुत्रा. त्या दिवसापासून तो गावात प्रसिद्ध आहे.

लोकांनी जी हुर्यो उडवली तशी कधी रीजंट्सचीही उडवली नव्हती. पहारेकरी येऊन म्हणाला, "बाई, पर्स उघडता का?" तेही मी सहन केलं असतं. पण अर्नींनी रबर काढलं आणि वहीतलं माझं नाव शांतपणे पुसलं. मला रडूच कोसळलं.

"पाच डाव मला भाषण देत होतीस," विनी म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलं गं."

डाव बदलला होता, आणि ओबांडो क्षेत्ररक्षणाला नेमका आमच्या कुंपणाखाली येऊन उभा राहिला. विनीने माझ्या पर्समधून तो चिकट चेंडू काढला आणि बाकावर चढली.

"ओबांडो!" ती ओरडली. "तू का गेलास?"

आणि तिने चेंडू फेकला. माझ्यापेक्षा फार चांगला फेकला. तो ओबांडोच्या पायाशी पडला. त्याने उचलला, बोटांना लागलेलं चीज पँटला पुसलं आणि वर पाहिलं. आमचे बाक एकदम चिडीचूप झाले.

"विकताना मला कुणी विचारलंच नाही, बाळा," तो म्हणाला.

मग त्याने चेंडू अलगद वर टाकला, थेट तिच्या ओंजळीत. कुणीही 'फेक परत' म्हणालं नाही. अर्नींनी घसा खाकरला. "आता ठेव तो. त्याने हाताने दिलाय. अशा चेंडूला तो कायदा लागू नाही."

विनीने चेंडूकडे बराच वेळ पाहिलं. तिचा तो लाडका खेळाडू होता, हे मी विसरले नव्हते.

"नको मला," ती म्हणाली. "आपल्याविरुद्ध मारलाय तो."

आणि तिने तो पुन्हा मैदानात फेकला. त्यानंतर जी आरोळी उठली तशी मी त्या बाकांवर कधी ऐकली नव्हती. अर्नींनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि स्पेलिंग विचारून घेतलं. निळी टोपी मागच्या रांगेतल्या कुणीतरी तिच्या डोक्यावरून काढून कचऱ्यात टाकली. विनीने मागितलीसुद्धा नाही. आम्ही अकरा-दोन असे हरलो. मी मात्र जग जिंकल्यासारखी गाडी चालवत घरी आले.

डगने खिम्याचा मीटलोफ केला होता, तिचा आवडता. विनीने दोन घास घेतले आणि काटा खाली ठेवला.

"भूक नाही," ती म्हणाली. "नवव्या डावात आपले तीन जण तिन्ही तळांवर रन काढायच्या तयारीत उभे होते, बाबा. आणि एकही रन आली नाही. एकही." थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी जिंकू ना आपण?"

"जिंकणार की," मी म्हणाले. माझे वडील अगदी याच आवाजात सांगायचे.

ती मान खाली घालून खोलीत गेली. दार हळूच लागलं. डगने तिची भरलेली ताटली उचलली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "सकाळपर्यंत चांगली हसतीखेळती पोर होती."

मी माझी ताटलीही त्याच्यापुढे सरकवली. मलाही जेवण जात नव्हतं.