नाण्यांना हवा लागू नये म्हणून

श्रीविद्येचं लग्न ठरलं ते साल २०१९. मुलगा ओरत्तनाडूचा, आपल्याच तंजावरी मराठी माणसांतला, नाव विघ्नेश. मुलगी पाहून झाली, कॉफी झाली, आणि मुलाचे वडील वेंकटराव सहज म्हणाले, "तुमच्याकडे जुनी नाणी आहेत म्हणे. मलाही तो नाद आहे."

श्रीविद्येच्या वडिलांनी, अनिरुद्धरावांनी, मोठ्या हौसेनं प्लास्टिकच्या खिशांचा आल्बम आणून पुढे ठेवला. वेंकटरावांनी एक नाणं काढलं, बोटानं पुसलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. बोट हिरवं झालं होतं.

"प्लास्टिकला घाम येतो," ते म्हणाले. "यात नाणी मरतात."

लग्न ठरलं, पण अनिरुद्धरावांची झोप गेली.

नाणी त्यांच्या वडिलांची. वडील, अप्पाजी, तिरुवैयारूला गाणं शिकवत. उन्हाळ्यात कावेरी आटली की स्नानाला जाता-येता पायानं वाळू चाळत चालायचे. त्यांच्या पायाला नाणी लागत. तांब्याची, वेडीवाकडी, काहींवर मराठा राजांच्या वेळची अक्षरं. मरताना मुलाला म्हणाले होते, नीट जप आणि लपवून ठेवू नको. दोन्ही एकदम कसं करायचं ते सांगायचं राहून गेलं.

आता निश्चयतांबूल, म्हणजे साखरपुडा, आठवड्यावर आलं होतं आणि वेंकटराव पुन्हा येणार होते. तोवर नाणी चांगल्या जागी बसवून दिवाणखान्यात लावायची, असं अनिरुद्धरावांनी ठरवलं. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी आणल्या. त्यांना पिना माराव्या लागत. पिनेनं एका राजाच्या अक्षरावर ओरखडा काढला, तेव्हा चौकटी परत गेल्या. मग पारदर्शक गोल डब्या आणल्या. अप्पाजींची नाणी हातानं ठोकलेली, एकासारखं दुसरं नाही. लहान नाणं डबीत खुळखुळे, मोठं मावत नसे. मग मखमलीचा लाकडी खण आणला. त्याला गोंदाचा वास येत होता. वास म्हणजे काहीतरी चाललंय, आणि काहीतरी चाललंय म्हणजे तांबं खराब होतंय, असं मनात येऊन ते जेवतानाही ताटावरून उठत आणि भिंग घेऊन नाणी पाहून येत.

"रसम गार होतंय," त्यांची बायको सीतालक्ष्मी म्हणाली. "नाण्यांना काय पाय आहेत, पळून जायला?"

"हवा लागते त्यांना."

"मग काचेत घाला. वैद्यनाथकडे द्या. देवाची चित्रं तो असं बंद करतो की मुंगी शिरत नाही."

वैद्यनाथ तंजावरी चित्रं करणारा. सागवानी चौकट, पुढे काच, मागे फळी. अनिरुद्धरावांना हे एकदम पटलं. ते निघाले तेव्हा सीतालक्ष्मीनं आपल्या आईचं लक्ष्मीचं जुनं चित्रही त्याच पिशवीत घातलं. तिच्या गळ्यातले खडे कधीच गळून गेले होते. जाताच आहात तर तीही नीट करून आणा, म्हणाली.

अनिरुद्धरावांनी मोपेडवरून उतरून पिशवी वैद्यनाथच्या हातात दिली. काचेत बसव, हवा लागू देऊ नको, एकही नाणं लपता कामा नये, असं सांगितलं. लक्ष्मीबद्दल सांगणार, इतक्यात त्यांना वाटलं की घरी कपाट उघडंच राहिलं. ते तसेच वळून घरी आले. कपाट बंद होतं.

शुक्रवारी ते काम पाहायला गेले. वैद्यनाथनं कापड बाजूला केलं. लक्ष्मी नव्यासारखी झाली होती. गळ्यात पोटापर्यंत लोंबणारी काशुमालै होती, नाण्यांची माळ. अप्पाजींची सगळी नाणी. वर सोन्याचा वर्ख.

अनिरुद्धराव स्टुलावर बसले.

वैद्यनाथला आपलं काय चुकलं ते कळेना. लोक आजीचे खडे आणतात, आईचं मोडकं सोनं आणतात, देवीला घाल म्हणतात. पिशवीत उघड्या गळ्याची लक्ष्मी आणि मूठभर नाणी, म्हणजे दुसरं काय समजायचं?

"आणि वर्ख कशाला?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"काळी नाणी देवीला कशी घालू, सार? पण बघा, वर्ख दाबून बसवलाय. अक्षरं आधीपेक्षा स्वच्छ दिसतात."

अक्षरं खरोखरच स्वच्छ दिसत होती. त्याचाच त्यांना जास्त राग आला. आत्ताच्या आत्ता काढ, म्हणाले. वैद्यनाथ म्हणाला, डोळे लिहून झालेत, म्हणजे देवीत जीव आला, आता देवीला चाकू लावायचा तर दिवस बघून. आज शुक्रवार, आज तर नाहीच.

निश्चयाच्या सकाळी वैद्यनाथ स्वतःच चित्र घेऊन आला. दुसरं काही लावायला नव्हतं म्हणून सीतालक्ष्मीनं तेच दिवाणखान्यात ठेवायला लावलं आणि पुढे दिवा लावला. काच बसवायचं काम तेवढं राहिलं होतं, म्हणून वैद्यनाथ थांबला.

वेंकटराव आले ते खिशावर हात ठेवून. खिशात गोल डबी होती, डबीत सोन्याचा लहानसा पणम, मराठा राजांच्याही आधीचं नाणं. नाणं कसं ठेवावं ते व्याह्यांना दाखवायला आणला होता. "नाण्यांचं काय केलंत?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

अनिरुद्धरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. सीतालक्ष्मीनं त्यांच्या हातात गरम कॉफीचा पेला दिला आणि चित्राकडे बोट केलं.

वेंकटरावांची बायको चंद्रमती आधीच हात जोडून उभी होती. तिनं माळ डोळे भरून पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मुलीकडच्यांनी बापाची नाणी देवीला घातली," ती म्हणाली. "आपण मुलाकडचे हात हलवत आलो."

"फळं आणलीत की."

"तुमच्या खिशात काय आहे ते मला ठाऊक आहे."

वेंकटरावांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग डबी बाहेर निघाली, झाकण उघडलं आणि पणम वैद्यनाथच्या तळहातावर आला. वैद्यनाथकडे गोंद होताच. त्यानं माळेच्या टोकाला पदकासारखा पणम बसवला आणि लगेच काच लावून टाकली. रिकामी डबी अनिरुद्धरावांपाशी राहिली. ती त्यांनी खिडकीत ठेवली. घरातली सगळ्यांत चांगली डबी तीच होती.

त्या दिवसापासून अनिरुद्धराव ताटावरून उठले नाहीत. बघायचं तर काय बघणार, सगळं सोन्याखाली. पुढे काही महिन्यांनी वैद्यनाथ आपण होऊन चाकू घेऊन आला, आज चांगला दिवस आहे म्हणाला. अनिरुद्धरावांनी आडीचा तमिळ महिना अशुभ, तो संपू दे म्हटलं. आडी संपला तेव्हा पुरट्टासी महिना संपू दे म्हटलं.

वेंकटराव मात्र सुनेला माहेरी सोडायला स्वतः येऊ लागले. आल्यावर देवीपुढे बराच वेळ उभे राहत. त्यांची भक्ती फार वाढली, असं चंद्रमती सगळ्यांना सांगे. जाताना ते वाट वाकडी करून वैद्यनाथकडे जात आणि एकच नाणं, अगदी खालचं, इतरांना धक्का न लावता निघेल का, असं विचारत. निघेल सार, तो म्हणे, माझ्या हातानं निघेल, दुसऱ्यानं लावला चाकू तर अक्षरं जातील. बघू, चांगला दिवस येऊ दे.

वैद्यनाथच्या घरी समाचाराला दोघे व्याही एकाच मोपेडवरून गेले. येताना नाण्यांचा विषय कोणीच काढला नाही.

वैद्यनाथ २०२३ साली, पंगुनी महिन्यात, शुक्रवारी सकाळी वारला.