कबुतरांची जाळी आणि पाच लिटरचा कुकर

"सव्वीस ग्रॅम," सिद्धीने स्वयंपाकघरातल्या काट्यावरून स्क्रू उचलला. "नको, बाबा. नायलॉनचा आणू."

बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या त्या घरात चार महिने हेच चाललं होतं. खाली पार्किंगमध्ये तिचे बाबा, उल्हास, शर्यतीची कॅटमरान बांधत होते. दोन निमुळत्या होड्या, मधे ताणलेली जाळी, वर शीड. बोट साठ किलोंवर गेली, तर सोबतीला सिद्धीऐवजी शेजारचा प्रणीत बसणार, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं होतं. प्रणीत तिच्याहून सहा किलोंनी हलका. तेव्हापासून सिद्धी दर ग्रॅमचा हिशेब ठेवायची.

शिवाजीनगरला योगीराज अण्णांच्या दुकानात तिने सगळ्यात पातळ प्लाय काढायला लावलं.

"अक्का, स्वल्प जाड घे. पाण्यात बसायचंय ना?"

"याहून पातळ नाही का?"

अण्णांनी चष्मा काढला. "आहे. त्याला पुठ्ठा म्हणतात."

मधल्या जाळीसाठी तिने बाल्कनीला लावतात ती कबुतरांची जाळी घेतली. रंगाचा दुसरा हात रद्द केला. उल्हासांनी तर स्वतःचा भातच सोडला.

शर्यतीच्या सकाळी तलावाकाठी काटा अठ्ठावन्नवर थांबला. सिद्धीने कुठे श्वास सोडला, तोच वजन घेणारे जयतीर्थ म्हणाले, "आता तुम्ही दोघंपण चढा." मग त्यांनी मान हलवली. "सात किलो कमी. बाद."

"कमी?" उल्हासांचा आवाज चिरकला.

"बोट आणि माणसं मिळून एकशे पंच्याऐंशी तरी हवं, सर. नियमांच्या पहिल्याच पानावर आहे."

उल्हासांनी पहिली दोन पानं छापलीच नव्हती, नुसती सामानाची यादी छापली होती. ऑफिसात हाताखालच्या पोरांना मात्र ते रोज ऐकवायचे, आधी सगळं वाचत जा.

"प्रणीतला घेतलं असतं तर तेरा कमी पडले असते," सिद्धी हळूच म्हणाली.

"काहीतरी सात किलोंचं बांधा," जयतीर्थ म्हणाले. "दहा मिनिटं आहेत."

सगळ्यांची नजर सिद्धीच्या आईच्या, स्मिताच्या मांडीवरच्या कुकरवर गेली. काठोकाठ बिसीबेळे भात.

"हे मी जेवायला आणलंय," स्मिता म्हणाली. पण तोवर सिद्धीने दोरी काढली होती.

कुकर डोलकाठीला करकचून बांधला गेला. "शर्यतीनंतर परत वजन होणार हं," जयतीर्थांनी बजावलं. "घासभर कमी झालं तरी बाद."

शिट्टी वाजली. शिडात वारा भरला, आणि झाकणाच्या फटीतून तुपाचा, हिंगाचा वास थेट चार महिने भात न खाल्लेल्या उल्हासांच्या नाकात गेला.

जाळीवर बसलेली सिद्धी पुढे बघतच नव्हती.

"बाबा," ती दरडावून म्हणाली, "हात सुकाणूवर."