घंटेची नोंदणी

पत्रूच्या नातीचं, दिव्यानीचं, लग्न ब्रह्मपुरीकडच्या मुलाशी झालं, त्याच वर्षी गावच्या चर्चची घंटा सरकारी झाली. लग्नात दोन मामा रुसले. घंटेच्या बाबतीत मात्र सगळेच खूश होते, आणि तिथेच घोटाळा झाला.

गावात ख्रिस्ती घरं नऊ, बाकीची दोनशेच्या वर. घंटा रविवारी उपासनेला वाजे, आणि त्या नऊ घरांत कुणी वारलं की वाजे. पण मोहफुलांच्या दिवसांत कुणाला जंगलाच्या कडेला वाघ दिसला, की तो माणूस आधी पत्रूच्या अंगणात येई, आणि पत्रू दम लागेपर्यंत दोरी ओढे. मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या टाकून घरी पळत. घंटा कोणाच्या देवाची, हे पळताना कुणी विचारत नसे. बावीस वर्षं पत्रू हे काम करत होता. दोरी आपल्या हातून जाऊ नये, एवढंच त्याला वाटे.

ही गोष्ट तालुक्याच्या साहेबांच्या कानी गेली. ते जीपने आले, घंटा पाहून गहिवरले, आणि इतकं चांगलं काम नोंदीशिवाय चाललं आहे याचं त्यांना फार वाईट वाटलं. चर्चने साऱ्या गावासाठी आशीर्वाद बनावं, असं पाळकसाहेब तीन वर्षं प्रवचनात सांगत होते. आता तो आशीर्वाद शिक्क्यासह मिळणार होता. पाळकसाहेबांनी ‘समाज आशीर्वाद समिती’ नेमली. फलकाचा रंग कोणता असावा, यावर समितीच्या चार बैठका झाल्या. गावाची संमती हवी होती, तीही मिळाली. घंटेमुळे दोनदा वाघाच्या तावडीतून वाचलेल्या नीलाबाईने पहिला अंगठा दिला.

मंजुरी आली. घंटा आता ‘वन्यप्राणी पूर्वसूचना यंत्रणा’ झाली. यंत्रणेचा धार्मिक वापर चालत नाही, म्हणून रविवारची घंटा बंद झाली. लोकांनी उपासनेला यायचं कसं, असं पाळकसाहेबांनी विचारलं. घड्याळ पाहून, असं साहेबांनी सांगितलं. सार्वजनिक यंत्रणा चर्चच्या आवारात ठेवता येत नाही, हे नंतर लक्षात आलं. मग घंटा उतरवून ग्रामपंचायतीच्या गच्चीवर टांगली. यंत्रणेला चालक हवा, आणि चालक आठवी पास हवा. पत्रू शाळेच्या पायरीपर्यंतच गेला होता, तोही छपराचे कवेलू बदलायला. गावातले आठवी पास असलेले गुणवंतराव चालक झाले.

“साहेब, दोरी ओढाले आठवी काऊन लागते?” पत्रूने विचारलं.

“भाऊ, दोरीला नाही लागत, रजिस्टरला लागते. वाघाची वेळ, दिशा आणि वाघ प्रत्यक्ष पाहिल्याची दोन साक्षीदारांची सही.”

“साक्षीदार वाघापाशी थांबतीन?”

“ती व्यवस्था गावाने करायची आहे.”

एप्रिलात वाघ आला. एक साक्षीदार मिळाला, दुसऱ्यासाठी गुणवंतराव गावभर फिरले. तेवढ्यात पत्रू तेलाचा रिकामा डबा बडवत मोहाच्या झाडांपर्यंत गेला आणि बायांना घेऊन परतला. आठवड्याने त्याला अनधिकृत पूर्वसूचना दिल्याबद्दल नोटीस मिळाली. डबाही सरकारजमा झाला.

पत्रू ती नोटीस घेऊन नीलाबाईच्या ओसरीवर बसला.

“बाई, तुमीच तं अंगठे देल्ले.”

“घंटा आपलीच राहीन म्हनले, म्हून देल्ला, भाऊ,” नीलाबाई म्हणाली. “कागद कोनं वाचला?”

कुणीच वाचला नव्हता. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही नाही. साहेब शिकलेले, पाळकसाहेब देवाचे, मग उगाच संशय कशाला. आपण सही केलेला शेवटचा कागद किती वाचला होता, हे ज्याने त्याने आपल्यापुरतं आठवून पाहावं.

पुढच्या जानेवारीच्या तेरा तारखेला, मंगळवारी सकाळी, पत्रू तापाने वारला. त्या दिवशी वाघ आला नव्हता, म्हणून घंटा वाजली नाही.