सलीमसरांची डिक्शनरी

सलीमसर आमच्या दारात उभे राहून आम्हालाच फोन करतात. "सर, तुम्ही घरी हाव का?" मी दार उघडून समोर उभा राहिलो तरी फोन कानावरून काढत नाहीत. मी फोनवरही 'हो' म्हटलं की मगच चप्पल काढतात. भजी डोळ्यांदेखत कढईत तळत असली तरी हॉटेलवाल्याला विचारतात, "भजी हाय का?" स्वतःच्या लग्नात त्यांनी काझींना हळूच विचारलं होतं म्हणे, "नवरी आत हाय ना? बघा आदी."

हा माणूस भूमच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. मी शेजारच्या खोलीत टायपिंग शिकवतो, त्यामुळं त्यांचं डिक्शनरीवरचं व्याख्यान मला पाठ झालंय. "डिक्शनरीला 'की' द्या, म्हंजी किल्ली, ती व्हॅल्यू देती. 'लाल' म्हणा, 'थांबा' म्हणती. 'हिरवा' म्हणा, 'जा' म्हणती. पण 'जांभळा' म्हणलाव का, गेला प्रोग्रॅम! जागीच मरतो! म्हणून मागायच्या आदी बघायचं, ती 'की' आत हाय का न्हाय." 'मरतो' म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापतो. पोरं खिदळतात, आणि भिंतीपलीकडं मीही.

मग त्यांच्या अम्मीला लकवा झाला. हातपाय हळूहळू चालू लागले, पण शब्दांची अदलाबदल झाली. चहा हवा असला की अम्मी म्हणायच्या 'बकरी'. सरांनी आधी शेजाऱ्यांच्या बकऱ्या मोजून पाहिल्या, कुणाची सुटली की काय म्हणून. पाण्याला 'एसटी', पांघरुणाला 'शुक्रवार'. शब्द चुकीचा, पण एका गोष्टीला ठरलेला एकच. हे ध्यानात आल्यावर सर दुसरं काय करणार? त्यांनी डिक्शनरी केली. फोनमध्ये अम्मींचा शब्द टाकायचा, खाली अर्थ उमटतो. त्यांची बायको नसीमा स्वयंपाकघरातून ओरडते, "अम्मी टोपी बोलरे. क्या होना उनकू?" आणि सर बघून सांगतात, "चष्मा दे!"

एकदा टपरीवर सरांनी चहा गार होऊ दिला. मग म्हणाले, "सर, साऱ्या घराला शब्द सापडला. नसीमाला ती 'घागर' म्हणती. माझाच शब्द न्हाय निघाला अजून. मी तिच्या डोक्यात हाय का न्हाय?"

"विचारा की त्यांना."

"न्हाय म्हणली तर? लई भ्या वाटतंय, सर." त्यांनी कप तसाच ठेवला.

परवा नसीमा माहेरी, ईटला गेली होती. सरांना अम्मींचं औषध आणायचं होतं, म्हणून दुपारी मला बसवून, माझ्याही फोनमध्ये डिक्शनरी टाकून ते बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंतही पोचले नसतील, तोच अम्मी ओरडल्या, "चिंच!"

मी फोनमध्ये टाकलं. 'शब्द सापडला नाही.'

"चिंच! चिंच!" डोळे विस्फारलेले, बऱ्या हातानं खाटेची दांडी घट्ट धरलेली. पुन्हा झटका आला की काय? पाणी पुढं केलं, त्यांनी ढकललं. पांघरूण घातलं, त्यांनी फेकलं. मी सरांना फोन लावला, "लवकर या!"

सर धावत आले. पिशवी दारातच पडली. अम्मी एकदम गप्प झाल्या, पण ते बघायला सरांना भान कुठं होतं? त्यांनी अम्मींची छाती चोळली, कपाळ बघितलं. "दवाखान्यात न्यावं लागंल, रिक्षा बघतो," म्हणत दाराकडं वळले.

"चिंच!"

सर धडपडत मागं आले. अम्मी गप्प. ते पुन्हा उठले, उंबऱ्याशी पोचले.

"चिंच!"

"सर, थांबा," मी म्हणालो. "कुठं जाऊ नका. त्या तुम्हालाच बोलवतायत."

"मला?" ते इतके पांढरेफटक पडले की आता ह्यांनाच दवाखान्यात न्यावं लागतंय असं मला वाटलं. मी फोन त्यांच्यापुढं धरला. "घ्या, टाका हा शब्द."

त्यांनी फोन घेतलाच नाही. खाटेशी, जमिनीवर मांडी घालून बसले. अम्मींनी दांडी सोडली आणि तो हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग अगदी हळू, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाल्या, "चिंच."

"हौ अम्मी," सर म्हणाले.