फोकस येईपर्यंत

आमच्या शेजारच्या मल्लिनाथाकडं एक कॅमेरा आहे. तो सगळं आपलं आपण करतो, आणि मल्लिनाथ त्याला काहीच करू देत नाही.

कॅमेरा आजकालचा, नवाकोरा. समोर माणूस आला की त्याचा डोळा हुडकतो, डोळ्यावर चौकोन लावतो आणि टिक करून मोकळा होतो. हे मला माझ्या जावयानं सांगितलं. मल्लिनाथानं काय केलं, तर कॅमेऱ्याबरोबर आलेलं भिंग काढून डब्यात घातलं आणि त्याजागी आपल्या लहानपणीचं, वजनाला खलबत्त्याएवढं, कडेचा रंग उडालेलं भिंग बसवलं. ते त्या कॅमेऱ्याला बसत नाही. मग मधे एक कडी घालायची. न पटणाऱ्या सोयऱ्यांत मध्यस्थ घालतात तशी. एवढं झालं की एक डोळा मिटायचा, दुसरा कॅमेऱ्याला लावायचा आणि भिंगाचं कडं हातानं फिरवत बसायचं. जरा इकडं, जरा तिकडं.

सोलापुरात नळाला पाणी आलेलं असताना घागर घेऊन विहिरीवर जाणारा माणूस दुसरा कुठं मिळणार नाही. वर विहिरीच्या पाण्याला चव असते म्हणून गल्लीला सांगणार.

"थांबा की जरा, फोकस येतोय," हे त्याचं पालुपद. फोकस जणू अक्कलकोटच्या एसटीनं येणार आहे.

मल्लिनाथ साठी ओलांडलेला, सडसडीत, कपाळाला विभूती. जन्मभर पतसंस्थेत कारकुनी केली. आईला सांभाळता सांभाळता लग्न राहून गेलं, आणि मग आईही गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवाच्या नादी लागतात, हा भिंगाच्या लागला. मंगळवार बाजारात जुन्या लोखंडात बसून भिंगं हुडकतो. मुंबईहून कुणाच्या माळ्यावरची मागवतो. आलं की पहिलं माझ्या दारात.

"आण्णा, काच बघा, काच."

मी बघितलं. आत कोळ्याचं जाळं होतं.

"बुरशी हाय ती. समुद्राकडची हवा ना. जाईल की. सोलापूरचं ऊन म्हंजे औषध हाय भिंगाला."

मग ती भिंगं गच्चीवर उन्हात. गच्ची आमची दोघांची एकच. इतरांच्या गच्चीवर कुरडया वाळतात, आमच्या गच्चीवर भिंगं. त्यांना पांढरं फडकं, कावळ्याला हाकलायला स्वतः मल्लिनाथ. एवढी राखण त्यानं पापडांची केली असती तर गल्लीनं त्याचं भलं चिंतलं असतं.

एकदा त्यानं एका भिंगाची दोन्हीकडची झाकणं काढून ते कठड्यावर ठेवलं. शेजारी माझी चादर वाळत होती. मी चादरीच्या कारखान्यात मागावर उभा राहून म्हातारा झालो, आणि ही चादर मी स्वतः विणलेली. दुपारी धुराचा वास आला म्हणून वर गेलो, तर चादरीला बरोबर मोराच्या पोटात भोक. मल्लिनाथ माझ्या मागनं धावत आला. भोक बघितलं, भिंग उचललं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता चादरीच्या पाया पडतो.

"आण्णा, काय काच हाय बघा. सूर्य टाचणीएवढा केलाय."

"तुझ्या भिंगाला मानूस घावत न्हाई," मी म्हणालो, "चादर बरी घावली."

माणूस घावत नाही हे मी उगाच म्हणालो नाही. समोरच्या लक्ष्मीबाईच्या नातवाचं बारसं होतं. बाई भोळी, तिनं मल्लिनाथाला बोलावलं. बायका पाळण्याभोवती उभ्या, पाळण्याची दोरी आत्याच्या हातात, आणि हा गुडघ्यावर बसून कडं फिरवतोय. बायका हसायच्या त्या हसून संपल्या. पोर झोपलं, उठलं, भुकेलं. शेवटी लक्ष्मीबाईच तेलुगूत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ कुणी मला सांगितला नाही, पण मल्लिनाथानं लगेच बटण दाबलं. फोटो आले त्यात पोर धुक्यात, आत्या धुक्यात, आणि पाळण्याचा हूक असा लख्ख की त्यावरचा गंज खरवडून काढावा.

त्याला विचारलं तर म्हणतो, "मागचं बघा आण्णा, मागचं. कसं पाघळलंय."

मागचं पाघळणं हे त्याच्या मते लई मोठं काम. जुन्या भिंगानं पाघळतं तसं नव्यानं पाघळत नाही, असं तो म्हणतो. आम्ही घराला पिवळा रंग दिला तेव्हा मीच त्याला म्हणालो, घराचा एक फोटो काढ. त्यानं दारातल्या तुळशीचा काढला. तुळशीच्या मंजिऱ्या दिसतात. मागं पिवळं काहीतरी पाघळलंय, ते आमचं घर.

आता आमच्या हिचं सांगतो.

शांता दुधनीची. माहेरी सगळं कन्नड. मी वैरागकडचा, आमच्या घरात कन्नडाचा वारा नाही. गल्लीत तेलुगू आहे, मराठी आहे, मधेमधे दखनी आहे. कन्नड बोलणारी माणसं तीन होती. मल्लिनाथाची आई गेली आणि दोन उरली, आमची शांता आणि हा.

शांता कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची. हा तिथं कॅमेरा घेऊन टपलेला.

"शांतक्का, स्वल्प निल्री."

म्हणजे जरा थांबा. अक्का म्हणायचा तिला, मोठी बहीण. ती बादली हातात घेऊन उभी राहायची आणि तोंड सुरू करायची. घरात मोजकं बोलणारी बाई. वर गेली की नळ सोडल्यासारखी. हा कडं फिरवतोय, मधेच "हौद्री, हौद्री", म्हणजे हो हो, म्हणतोय, ती बोलतीय. खाली माझा चहा नाही.

मी खालनं ओरडायचो, "आला का गं फोकस?"

ती वरनं म्हणायची, "वाटेत हाय म्हनतोय."

एवढं उभं राहून फोटो म्हणशील तर एक नाही. तिनं मागितला की हा म्हणायचा, "हाललाय अक्का. उद्या परत काढू." उद्या परत तेच. मी म्हणालो, हा माणूस आंधळा आहे आणि तू खुळी. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. उभं ऱ्हाऊन मी काय झिजते का?"

गेल्या साली ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, घरी आणली ती तशीच. त्याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

वर्षाचं जेवण जवळ आलं आणि लक्षात आलं की भिंतीवर लावायला तिचा फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्या दिसतात, बाई दिसत नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते. माझी लेक सुरेखा वैरागला दिलीय. ती आली आणि आधारचा फोटो घेऊन स्टुडिओत गेली. दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन आली.

डोकं शांताचं. मानेखाली दुसरीच कोणतरी बाई. हिरवी पैठणी, गळ्यात मोहनमाळ, हात गोरेपान. मागं धबधबा.

"किती छान दिसतीय आई," सुरेखा म्हणाली.

"ही कोन बाई हाय?"

"आबा, असंच करतात आता सगळीकडं."

"करू देत. हिला मी रोज सकाळी हात जोडू? हिच्या घरच्यांना काय वाटंल?"

सुरेखा रडली. मी काही रडलो नाही, पण फ्रेम उलटी करून भिंतीला टेकवली. त्या बाईला समोर बसवून पुढची वर्षं काढायची, नाहीतर मोकळा खिळा बघत काढायची, एवढंच माझ्या हातात होतं. म्हणून मल्लिनाथाकडं गेलो.

शांता गेल्यापासून तो गच्चीवर दिसला नव्हता. मला वाटलं होतं, एकदाची बुरशी संपली असेल. त्याच्या घरात गेलो तर आईची बाज अजून तशीच, चादर ओढलेली. तिच्यावर भिंगं मांडलेली, प्रत्येकाखाली रुमाल.

"मल्लिनाथ, शांताचे फोटो दे."

"खराब हायत आण्णा."

"सगळे?"

"सगळे."

"खराब तर खराब. दाव."

"कशाला दावू? हाललेले हायत. तुमीच म्हनता की, मानूस घावत न्हाई."

"ते चादरीसाठी म्हनलो हुतो. दाव."

त्यानं कॅमेरा आणला. मागच्या काचेवर फोटो दिसतात, पण शेवटचा काढलेला आधी दिसतो. त्यामुळं आम्ही उलटे चाललो. पहिल्यांदा नुसता रंग आला, तिच्या जांभळ्या लुगड्याचा. मग कपडे वाळत घालायची दोरी स्पष्ट, शांता धुक्यात. मग बादलीची कडी. मग तिचा हात, चिमटे धरलेला, नखापर्यंत स्पष्ट. वर तोंड पाघळलेलं. पण उघडं होतं एवढं कळत होतं. सगळ्या फोटोंत तोंड उघडं. एकात हात वर करून काहीतरी दाखवत होती. घरात मी तिला असा हात वर केलेला कधी बघितला नव्हता.

"फुडं," मी म्हणत होतो, आणि तो मागं जात होता.

मग एकदम ती आली.

तोंड मिटलेलं. आता बोलणार, अशी. कपाळावरचा गोंदणाचा ठिपका, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या, हनुवटीला ज्वारीचं पीठ. भाकऱ्या अर्ध्या टाकून वर गेली असणार. माझ्याकडंच बघत होती, पण तेव्हा तिथं मी नव्हतो, मल्लिनाथ होता.

"ह्यो कवाचा?"

"त्याच दिवशीचा. पयला."

"पयला? मग ते बाकीचे?"



मी कॅमेरा त्याच्या हातातनं घेतला आणि बटण दाबत राहिलो. दुसरा दिवस, तिसरा दिवस, दिवाळी, उन्हाळा. हरेक वेळी तसंच. धुकं, धुकं, दोरी, बादली, आणि सगळ्यात पहिला फोटो आरशासारखा.

"मल्ल्या, तुला फोकस येत हुता."

"येतो की."

"मग बाईमानसाला उन्हात उभं करून काय करत हुतास?"

तो बाजेवरचं एक भिंग उचलून रुमालानं पुसायला लागला. ते पुसलेलंच होतं.

"नव्या भिंगानं टिक हुतं आण्णा, आन् मानूस जातं. आला म्हनलं असतं तर अक्का बी खाली गेली असती. फोटो दिला असता तर दुसऱ्या दिवशी कशाला उभी ऱ्हाईल?" मग म्हणाला, "आई गेल्यापासनं घरात कन्नड न्हाई. भिताडाशी किती बोलायचं?"

मला राग आला होता. तो कुठं ठेवावा कळेना म्हणून मी विचारलं, "आन् बारशाचा हूक?"

"तितं खरंच चुकलं. पाळना हालत हुता."

"शांता काय बोलायची?"

"दुधनीचं. शाळेमागची चिंच, आत्या, तुरीचा बाजार. तिचं तिलाच हसू यायचं."

"आन् माझं?"

"तुमचं बी."

"काय?"

"म्हनायची, ह्यांना कन्नडातलं एवढंच येतं, ऊटा आत? म्हंजे जेवन झालं का? ते बी आपलं जेवून झाल्यावर इचारतात."

मी त्याला एक शिवी दिली. मराठीत. आणि फोटो मोठा करून आण म्हणालो.

त्यानं आणला. फ्रेम त्याचीच, सागवानी. सुरेखानं बघितला आणि म्हणाली, "आबा, हनुवटीला पीठ लागलंय. स्टुडिओवाला काढून देईल."

"पीठ तिचंच हाय. ऱ्हाऊ दे."

जेवणाच्या दिवशी गल्ली आली. सगळ्यांनी फोटोला हात जोडले. लक्ष्मीबाई बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, "हा मल्लिनाथानं काढला? खरं सांगा." धबधब्याची बाई सुरेखा वैरागला घेऊन गेली.

आता कपडे मीच वाळत घालतो. परवा वर गेलो तर मल्लिनाथ कोपऱ्यात भिंगांना ऊन देत बसलेला, गळ्यात कॅमेरा. माझ्याकडं बघितलं, परत भिंगाकडं बघितलं. थांबा म्हणायची त्याची छाती झाली नाही.

"काढ की," मी म्हणालो.

"तुमचा?"

"मग काय धबधब्याचा?"

तो उठला. एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि बोटं कड्यावर गेली. मी बादली धरून उभा. काय बोलावं सुचेना. म्हणून म्हणालो, "ऊटा आत?"

कड्यावरची बोटं थांबली. मग तो बोलायला लागला, डोळा न काढता, हळू आवाजात, सगळं कन्नडात. मधे दोनदा अक्का आलं, एकदा दुधनी आलं. बाकी मला काही कळलं नाही. जिथं तो दम घ्यायचा, तिथं मी "हौद्री" म्हणत होतो.

ऊन डोक्यावर आलं. बोटं कडं फिरवत होती, जरा इकडं, जरा तिकडं. फोकस केव्हाच आला असणार. मी विचारलं नाही.